जेड प्लांट कुजतंय? या चुका टाळा

जेड सुकून मरत नाही हो, बहुतेक वेळा आपणच पाणी घालून घालून मारतो.

आधी तुमच्याकडे नक्की जेडच आहे का ते बघा. आपल्याकडे नर्सरीत जेड म्हणून सर्रास जे मिळतं, नखाएवढी गोल पानं आणि लालसर तपकिरी खोड, ते असतं पोर्टुलाकारिया आफ्रा, आफ्रिकेत हत्ती आवडीने खातात ते. खरं जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा, पान मोठं, जाडजूड, चकचकीत, आणि भरपूर ऊन मिळालं की कडा लाल होतात. काळजी दोघांची साधारण सारखीच, पण घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर क्रॅसुला त्यांना विषारी आहे, पोर्टुलाकारिया नाही.

क्रॅसुला मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप आणि क्वाझुलू-नाताल भागातलं, तिथे ते कोरड्या खडकाळ उतारांवर कोरफडी आणि युफोर्बियांच्या गर्दीत वाढतं, पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, आणि मग पुढचे कोरडे दिवस पानातल्या साठ्यावर निघतात. त्यात पानांवरची छिद्रं उघडतात रात्री, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी फारसं उडून जातच नाही. अशा झाडाला आपण नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या नारळाच्या भुशात लावतो आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी! नर्सरीतून आणलं की ते कोकोपीट झाडून टाका, आणि निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा घेऊन मातीच्या कुंडीत लावा. कुंडीखाली ताटली ठेवलीच असेल तर त्यातलं पाणी ओतून द्यायचं.

पानं सुरकुतली की लगेच पाणी घालू नका, आधी बोट खुपसून बघा. माती कोरडी असेल तर तहान आहे, भरपूर पाणी द्या, एकदोन दिवसात पानं टम्म होतात. माती ओली आणि तरी पानं सुरकुतलेली किंवा पिवळी, पिचपिचीत, म्हणजे मुळं गेली, मग वरची कडक निरोगी फांदी कापा, चारपाच दिवस सावलीत जखम वाळू द्या आणि कोरड्या मातीत खोचा, लागते. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखालीच ठेवा, पण अंधारात नको.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसून काढा. आणि फुलं येत नाहीत म्हणून खत ओतू नका, त्याला जुनं झालेलं झाड, भरपूर ऊन आणि थंडीतल्या गार रात्री लागतात, दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ती येणं कठीणच.