संग्रह जमवून झाला, आता तो सांभाळायचा कसा?

आमच्या संस्थेच्या छोट्या संग्रहालयात एक पितळी समई आहे. तिच्या बैठकीच्या खालच्या बाजूला देणगीदाराचं नाव आणि शक कोरलेला होता. एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही हौसेने सगळी भांडी चिंच आणि रांगोळी लावून लखलखीत केली. पाहुणे खूश झाले. काही महिन्यांनी एका अभ्यासकाने समई उलटी करून पाहिली तेव्हा ‘शके १७’ एवढंच वाचता आलं. पुढचे दोन आकडे वर्षानुवर्षांच्या घासण्याने आधीच पुसट झाले होते, आणि उरलंसुरलं आम्ही घालवलं. त्या आकड्यांचा फोटो कुणाकडेच नव्हता.

गावोगावी शाळांत, वाचनालयांत, देवस्थानांत, जुन्या वाड्यांत असे संग्रह आहेत. मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), ताम्रपट, दांडपट्टे, पैठण्या, अडकित्ते, जुनी मापं. पुण्यात दिनकर केळकरांनी अशाच घरगुती वस्तू एकेक करून जमवल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभं केलं. जमवणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ झाली. सांभाळण्याचं काम मात्र कुणी शिकवत नाही. मोठी प्रयोगशाळा नसतानाही जे करता येतं, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: हात आवरा

वस्तू हाती आली की तिला स्वच्छ करण्याची घाई होते. ती आवरा. पितळ-तांब्यावरचा गडद थर बहुतेक वेळा धातूचं रक्षणच करत असतो. नाण्यांना लिंबू लावू नका, दगडी मूर्तीला ॲसिड लावू नका, लाकडी कोरीवकामाला वॉर्निश देऊ नका. मोडी पत्राला सेलोटेप लावू नका आणि त्याचं लॅमिनेशन तर कधीच करू नका. लॅमिनेट केलेला कागद सुरक्षितपणे मोकळा करणं जवळपास अशक्य असतं. सुरुवातीला फक्त मऊ, कोरड्या ब्रशने सुटी धूळ झटका. तीही रंग किंवा मुलामा सुटत नसेल तरच.

दुसरी पायरी: नोंद

माझ्या मते सगळ्या जतनकामातला निम्मा भाग इथेच आहे. जाड बांधणीची एक दाखल नोंदवही घ्या. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. २०२४.७.३ म्हणजे २०२४ साली आलेली सातवी देणगी आणि तिच्यातली तिसरी वस्तू. ही पद्धत सोपी आहे आणि कितीही वाढवता येते. वस्तू काय, कशाची, किती लांब-रुंद, कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली, कुठे ठेवली, हे लिहा. देणाऱ्याची सही असलेलं पत्र त्याच दिवशी घ्या. ‘आजोबांनी फक्त ठेवायला दिलं होतं’ असा वाद वीस वर्षांनी उभा राहतो, तेव्हा हेच पत्र कामाला येतं.

मग फोटो: पुढून, मागून, खालून, बाजूला मोजपट्टी ठेवून. खालून काढलेला फोटो विसरू नका. आमच्या समईचा तेवढाच हवा होता.

स्थितीची नोंदही आत्ताच करा: ‘उजव्या कोपऱ्यात दोन सेंमी फाटलं आहे’, ‘मुठीजवळ गंज’. पुढच्या वर्षी फाटलेला भाग तीन सेंमी झाला, तर नुकसान चालू आहे हे तेव्हाच कळेल.

क्रमांक वस्तूवर कसा घालायचा? कागदावर मऊ पेन्सिलीने, मागच्या कोपऱ्यात. कापडाला सुती फितीवर लिहून दोन टाके घाला. धातू, दगड किंवा मातीच्या भांड्यावर पॅरालॉइड बी-७२ नावाचं रेझिन (राळेसारखा पारदर्शक पदार्थ) ॲसिटोनमध्ये विरघळवून न दिसणाऱ्या जागी छोटा पट्टा लावतात. तो वाळला की त्यावर काळ्या शाईने क्रमांक लिहितात आणि वरून पुन्हा एक थर देतात. पुढे कधी काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. ऑइलपेंटने मूर्तीच्या पाठीवर हातभर आकडे लिहिलेले मी पाहिले आहेत. तो प्रकार टाळा.

वह्या भरत आल्या की संगणकावर या. भारतीय संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने ‘जतन’ नावाची प्रणाली तयार केली आहे. सुरुवातीला साधी एक्सेलची फाइलही पुरते. हातची वही मात्र बंद करू नका, आणि तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा.

तिसरी पायरी: वस्तू कुठे ठेवायची

बहुतेक वस्तूंचं आयुष्य दालनात जात नाही, साठवणीच्या खोलीत जातं. जुनी खुर्ची, निवडणुकीचे फलक, झेरॉक्सचे गठ्ठे आणि ताम्रपट एकाच खोलीत, हे चित्र सगळीकडे दिसतं. इक्रॉम या आंतरराष्ट्रीय संस्थेने लहान संग्रहालयांची साठवण लावण्यासाठी ‘रि-ऑर्ग’ नावाची पद्धतच बसवली आहे. तिचा गाभा साधा आहे: आधी संग्रहाबाहेरचं सगळं बाहेर काढा, मग प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा द्या, आणि कोणतीही वस्तू काढताना दुसऱ्या दोनपेक्षा जास्त हलवाव्या लागू नयेत अशी मांडणी करा.

जमिनीवर काही ठेवू नका, किमान १५ सेंमी उंचीवर ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मधून हात जाईल एवढी फट सोडा. नळाच्या किंवा संडासाच्या पाइपखालची जागा नको. रंग पक्का वाळलेलं लोखंडी कपाट सर्वांत बरं. नव्या प्लायवूड-एमडीएफमधून आम्ल वाफा सुटतात, त्यांनी शिशाची वस्तू पांढरी पडते. चांदीच्या खाली लोकरीचं फेल्ट घातलं तर चांदी काळवंडते. अस्तर हवं असेल तर खळ जाईपर्यंत धुतलेलं, न रंगवलेलं मांजरपाट वापरा.

चौथी पायरी: हवेतली ओल

एक आर्द्रतामापक घ्या. काहीशे रुपयांत मिळतो. रोज एकाच वेळी आकडा वहीत लिहा. मिश्र संग्रहासाठी ४५ ते ६० टक्के आर्द्रता ठीक. ६५ च्या वर बरेच दिवस राहिली तर बुरशी धरते. कोकणात जुलैत बाहेरची हवा ९० च्या वर असते, तर सोलापूरकडे एप्रिलच्या दुपारी इतकी कोरडी की लाकडी पेटीला चिरा पडतात आणि हस्तिदंत तडकतं. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यामागे धावण्यापेक्षा तुमच्या गावची हवा ओळखा. चढउतार जितका कमी तितकं चांगलं.

इथे एक मोठी चूक होते. देणगीतून एसी बसतो. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. म्हणजे रोज एकदा थंड-कोरडं आणि रोज एकदा गरम-दमट. वस्तू अशा रोजच्या ओढाताणीने जास्त झिजते. चोवीस तास चालवणं परवडत नसेल तर एसी नको. त्यापेक्षा पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवा, पंखा मंद चालू ठेवा, गळती आधीच दुरुस्त करा.

लहान धातूच्या वस्तूंसाठी घट्ट झाकणाचे डबे आणि सिलिका जेल हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. नारिंगी रंगाचं जेल घ्या. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, ते टाळलेलं बरं. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. हे डबे कागद-कापडासाठी नाहीत, ते जास्त कोरडे पडतात.

पाचवी पायरी: कीड

आपल्याकडे पोथ्यांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला ठेवायची चाल आहे. कागदाला थेट लागू देत नसाल तर ठेवा, पण त्यावर विसंबू नका. डांबराच्या गोळ्यांनी माणसाला त्रास होतो आणि प्लॅस्टिकही मऊ पडतं. जुन्या गठ्ठ्यांवर कुणीतरी कधीतरी डीडीटी किंवा गॅमेक्सिनसारखं कीटकनाशक भुरभुरलेलं असू शकतं. म्हणून जुना रुमाल पहिल्यांदा सोडताना मास्क आणि हातमोजे घाला. पेंढा भरलेले जुने प्राणी तर उघड्या हाताने हाताळूच नका, त्यात आर्सेनिक असू शकतं.

नवी वस्तू थेट दालनात नेऊ नका. वेगळ्या खोलीत, पॉलिथिनच्या पिशवीत तीन आठवडे ठेवा. लाकडाला भोकं दिसली तर कीड जिवंत आहे का हे असं पाहा: वस्तू काळ्या कागदावर ठेवा आणि आठवड्याने बघा. कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडला असेल तर आत भुंगेरा चालू आहे. काहीच नसेल तर भोकं बहुधा जुनी आहेत.

कापड, कागद, साधं लाकूड यांची कीड विषाशिवाय मारता येते. वस्तू पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा आणि उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर वस्तूवर पाणी सुटेल. रंगकाम केलेलं लाकूड, तैलचित्र, हस्तिदंत, लाखकाम यांना हा उपाय चालत नाही.

वाळवीसाठी दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन भिंतीच्या कडा, चौकटी आणि कपाटांच्या मागे मातीच्या नळ्या शोधा.

प्रकाश

प्रकाश लक्स या एककात मोजतात. कागद, कापड, जलरंग यांना ५० लक्स, तैलचित्राला साधारण २००. धातू, दगड, मातीला फारशी अडचण नाही. प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि परत फिरत नाही, उडालेला रंग उडालेलाच राहतो. खिडकीला पडदा, दिवा एलईडी, आणि पैठणी तीन-चार महिन्यांनी बदलून दुसरी मांडायची, एवढं पुरे.

सहावी पायरी: ज्याची त्याची निगा

हत्यारांबद्दल जरा सविस्तर सांगायलाच हवं. दसऱ्याला शस्त्रपूजा होते आणि संग्रहालयातल्या तलवारींनाही हळद-कुंकू, पाणी, खोबरेल लागतं. ओली हळद पात्यावर राहिली की तिथे गंज धरतो. भावना मोडायची गरज नाही. समोर पाट मांडा, त्यावर विड्याचं पान ठेवा आणि हळद-कुंकू त्या पानाला वाहा. आमच्याकडे सुरुवातीला कुरकुर झाली, आता तीच रीत झाली आहे. पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. म्यान शेजारी वेगळी ठेवा, आणि पात्याला उघड्या हाताने शिवू नका. घामाचा ठसा गंजून कायमचा उमटतो.

तांब्या-कांशावर पोपटी, भुकटीसारखे ठिपके दिसले आणि झटकल्यावर पुन्हा आले, तर ते साधं हिरवं नव्हे. ती क्लोराइडमुळे होणारी, धातू आतून खाणारी प्रक्रिया आहे. वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळी करून सिलिका जेलच्या डब्यात घाला आणि तज्ज्ञाला कळवा.

जरीचं वस्त्र घडीवर तुटतं. लांब-रुंद कापड जाड नळीवर, मध्ये धुतलेलं मांजरपाट घालून गुंडाळा. घडी घालावीच लागली तर घडीत मऊ कापडाची गुंडाळी घाला आणि दर सहा महिन्यांनी घडीची रेघ बदला.

मोडी कागद ज्या काजळाच्या शाईने लिहिलेले असतात ती उन्हापुढे टिकते, पण ओल लागली की पसरू शकते. त्यामुळे ओल्या बोटाने पानं उलटू नका. पोथ्यांना आश्विनात ऊन द्यायची पद्धत होती. त्यातला अर्थ घ्या आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. फाटलेलं जोडायचं काम जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने होतं, पण ते शिकूनच करा.

सातवी पायरी: आग आणि पाणी

दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्गइतिहास संग्रहालय २६ एप्रिल २०१६ ला मध्यरात्रीनंतर जळालं. आपल्या इमारतीची वायरिंग वर्षातून एकदा तपासून घ्या, संध्याकाळी मेन स्विच बंद करा, समई-उदबत्ती दालनात लावू नका. आग विझवायचं यंत्र असतं, पण ते चालवता येणारा माणूस नसतो. प्रत्येकाच्या हातात एकदा देऊन बघा.

पुराचं आपल्याला निराळं सांगायला नको. १९६१ चं पानशेत, ऑगस्ट २०१९ ची सांगली-कोल्हापूर. भिजलेल्या कागदांना साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. हजार पानं एका दिवसात वाळवता येत नाहीत, पण गोठवता येतात. ओले गठ्ठे न उघडता पिशव्यांत भरून गोठवून ठेवा आणि मग थोडे थोडे वाळवा. म्हणून जवळचा बर्फाचा कारखाना किंवा मासळीचं शीतगृह कुणाचं आहे, याची चौकशी आत्ताच करून ठेवा. पाणी आलं तर आधी काय उचलायचं, त्या दहा वस्तूंची यादी दाराच्या आतल्या बाजूला लावा.

तज्ज्ञ आणि कायदा

रंग सुटतोय, धातू पोखरतोय, कागदाचे तुकडे पडताहेत, अशा वेळी स्वतः काही करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून काम करते. फोटो आणि स्थितीची नोंद जोडून लिहिलं तर उत्तर नेमकं मिळतं.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी वस्तू आणि ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोल असलेलं पंचाहत्तर वर्षं जुनं हस्तलिखित ही पुरावस्तू ठरते. मूर्ती, चित्र, सचित्र हस्तलिखित अशा काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे. देणगी घेताना हे बघून घ्या.

वर्षाचं वेळापत्रक

मे महिन्यात कौलं, पन्हळी, खिडक्या. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला आर्द्रतेच्या रोजच्या नोंदींची आणि बुरशीची पाहणी. आश्विनात पोथ्या आणि कापडं बाहेर काढून वारा. दसऱ्याआधी हत्यारं. दिवाळीनंतर नोंदवहीतल्या क्रमांकाप्रमाणे प्रत्येक वस्तू जागेवर आहे का याची मोजदाद. ती दोघांनी मिळून करावी, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून दाखवायचं. मोजदाद संपली की खाली तारीख आणि दोघांच्या सह्या. आमच्या वहीत समईसमोर आता ‘शके १७--’ असं लिहिलं आहे, आणि शेजारी सूचना: ‘घासू नये’.