रनिंग ग्रुप काढायचाय? मग आधी सगळ्यात मागं कोण पळतंय ते बघा

निपाणीतनं एकांनी विचारलं, मग खानापूरच्या दोघांनी, की ओ तुमच्या बेळगावच्या ग्रुपसारखा, पळणारा आणि पुरात मदतीला जाणारा ग्रुप आमच्या गावात काढायचा तर काय काय करायला लागतं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी जागा आणि वेळ ठरवा आणि मग काहीही झालं तरी बदलू नका. आमचं रविवारी पहाटे साडेपाचला टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळ, तिथनं काँग्रेस रोड (१९२४ चं अधिवेशन इथं भरलेलं, गांधीजी अध्यक्ष होते, त्यावरनं हे नाव, आमच्यातल्या निम्म्यांना हे पळायला लागल्यावर कळलं). तिघंच आले तरी पळायचं. आणि पावसाचं म्हणाल तर बेळगावात जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ फाटलेलंच असतंय, पाऊस थांबल्यावर चालू करू म्हणणारा ग्रुप दिवाळीपर्यंत काही चालू होत नाही. भिजून घरी गेलात की बुटातला सोल बाहेर काढायचा, कालचा पेपर चुरगाळून आत कोंबायचा, दोन तासांनी पेपर बदलायचा, दुसऱ्या दिवशी बूट तयार. गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका, गोंद सुटतोय.

नवीन माणसाला पहिल्या दिवशी ५ किमी पळवू नका. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, आणि पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघा, येत नसेल तर वेग जास्त झालाय. १० किमी आरामात व्हायला लागलं की मगच हाफ मॅरेथॉनचं नाव काढा, ती २१.०९७ किमी असते आणि शेवटचे पाच किलोमीटर पायापेक्षा डोक्यानं पळायला लागतात. चढाची सवय पाहिजे तर येळ्ळूरचा राजहंसगड आहेच, वरचा शेवटचा टप्पा चालत गेला तरी कोणी हसत नाही. लाँग रनला आम्ही वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा करत उचगाव फाट्याकडं जातो, पण ऊसतोडणी चालू झाली की तो रस्ता अंधारात टाळा. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. जायचंच असेल तर समोरनं येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं पळा आणि चमकणारं जाकीट घाला.

आता मुद्द्याचं. आमच्यात एक ड्युटी असते, तिला आम्ही 'शेपूट' म्हणतो. दर रविवारी एकानं सगळ्यात मागच्या माणसाबरोबर पळायचं, तो चालला तर चालायचं, तो बसला तर बसायचं. पाळीपाळीनं सगळ्यांना, फास्ट पळणाऱ्यांना तर महिन्यातनं एकदा सक्तीनं. पहिल्यांदा पोरं कुरकुरतात, माझा टायमिंग बिघडतो काका, बिघडू दे म्हणायचं.

हे शहाणपण आम्हाला मार खाऊन आलंय. आमची पहिली १० किमीची रेस. पाण्याचे टेबल अडीच अडीच किलोमीटरवर मांडलेले, माणशी दोन ग्लास हिशोबानं पाणी भरलेलं, सगळं कसं झकास. पुढच्या पोरांनी एक ग्लास प्यायला नि दोन डोक्यावर ओतून घेतले. साडेसात किमीच्या टेबलावर शेवटची माणसं पोचेपर्यंत नुसते मोकळे जार. सगळ्यात मागं होत्या एक रिटायर्ड टीचर, बासष्ट वर्षांच्या, त्यांनी रस्त्याकडेच्या एका घरात पाणी मागितलं, तिथल्या आजीनं तांब्या भरून दिला. बाईंनी रेस पूर्ण केली, मेडल घेतलं, आम्हाला अवाक्षर बोलल्या नाहीत. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं बघा. तेव्हापासून एकूण पाण्याचा तिसरा हिस्सा टेबलवर जातच नाही, तो शेपटाच्या गाडीत असतो, आणि ती गाडी सगळ्यात मागच्या माणसाच्या मागनं चालते.

बाकी रेसचं पटकन सांगतो. पोलीस आणि महापालिका, दोन्हीकडं परवानगीचा अर्ज दीड-दोन महिने आधी द्या, कॅम्पातला रस्ता असेल तर कॅन्टोन्मेंटला पण. अर्ज कानडीत लिहून न्या, काम लवकर होतं, ग्रुपात एखादा कानडी मित्र असतोयच की, नसेल तर आधी तो मिळवा. ॲम्ब्युलन्स एक सुरुवातीला, एक मागं. टी-शर्टवर गावाचं नाव कसं छापायचं यावर आमच्या तीन मीटिंगा झाल्या, आवाज चढले, शेवटी नुसतं पायाचं चित्र छापलं. सगळ्यात खपलेला टी-शर्ट तोच.

पैशाचं मात्र पहिल्या दिवसापासून चोख ठेवा. एकाच्या जीपेवर गोळा करू नका, कितीही देवमाणूस असला तरी. दोन सह्यांचं खातं, आणि फीतले किती रुपये पूरमदतीला बाजूला पडणार ते फॉर्मवरच छापायचं. रेस झाली की आठवड्याच्या आत पावत्यांचे फोटो ग्रुपवर.

पूरमदत कशाला म्हणाल तर २०१९ चा ऑगस्ट आठवा. निपाणीजवळ यमगर्णीला हायवेवर वेदगंगेचं पाणी, पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद, तिकडं गोकाक, रामदुर्ग पाण्यात. २०२१ च्या जुलैत परत हायवेवर पाणी. आपल्याकडं पूर अचानक येत नाही, वरनं सांगत येतो. वर महाराष्ट्रात कोयना, काळम्मावाडी धरणांकडं पाऊस वाढला की इकडं कृष्णा-दूधगंगा फुगतात, आणि कल्लोळ-यडूर, सदलगा-बोरगाव, कारदगा-भोज हे खालचे पूल आधी बुडतात. हे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की आम्ही मदतीचं सामान ठेवतो त्या गोडाऊनची यादी काढून बसतो.

आणि मग लगेच गाडी भरून पळत सुटायचं नाही. आधी त्या गावच्या पीडीओला (ग्रामपंचायतीचा विकास अधिकारी) नाहीतर तहसीलदार ऑफिसला फोन करून विचारा, काळजी केंद्र (पूरग्रस्तांची तात्पुरती राहायची सोय) कुठल्या शाळेत आहे, माणसं किती, बायका किती, तान्ही मुलं किती, काय कमी पडतंय. आम्ही पहिल्या वेळी न विचारता टेम्पोभर जुने कपडे नेले. त्यात एक सूट निघाला, आणि लग्नातला शालू. एक आक्का तो शालू हातात धरून बराच वेळ बघत उभी होती, मग म्हणाली, "सीरे बंतु, लंगा यल्लि?" साडी आली, परकर कुठाय? काय उत्तर देणार. त्यानंतर जुनं कापड बंद. नवे परकर, आतले कपडे, टॉवेल, चादरी, सॅनिटरी पॅड, साबण, ओआरएस, टॉर्च, डासांची अगरबत्ती, आणि जनावरांसाठी वैरण, हे शेवटचं कोणाच्या डोक्यात येत नाही पण म्हैस उपाशी असली की मालकाच्या घशाखाली घास उतरत नाही. केळी नेऊ नका, वाटेतच काळी पडतात.

सामान गोळा करायला आम्ही साधा ५ किमीचा रन ठेवतो, एंट्री फी एक किलो तूरडाळ, पॅकबंद. एकच वस्तू मागायची म्हणजे निवडत बसायला लागत नाही. वाटप मात्र रेसचे बिब (छातीवर लावायचे नंबर) वाटतो तस्संच, टेबल, यादी, नंबर, सही, एका घराला एक पिशवी. पिशवी सात-आठ किलोच्या वर नको, ती कडेवर मूल असलेल्या बाईला उचलायची असते. आणि हो, तिसरा हिस्सा इथंही गाडीतच ठेवायचा, कारण वस्तीवरची, मळ्यातली माणसं केंद्रावर सगळ्यात उशिरा पोचतात. पिशवी देताना फोटो काढायचा नाही, हा नियम मोडणाऱ्याला आमच्यात महिनाभर शेपूट.

आपण पळतो, दम आहे, म्हणून पाण्यात उतरायची खाज येते पोरांना. अजिबात नको. गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाचा पाय उचलतं, त्यासाठी बोटवाले आहेत. आपलं काम पाणी ओसरल्यावर, जेव्हा बाकीच्या गाड्या यायच्या बंद होतात. फावडी, घमेली, वायपर, ब्लीचिंग पावडर घेऊन जा आणि ज्या घरात म्हातारी माणसं एकटी आहेत तिथला चिखल आधी काढा. पायाला फोड असेल, नख निघालेलं असेल (रनरला काय, कायमचंच) तर चिखलात जाऊ नका, लेप्टोची (उंदरांच्या मुतातनं घाण पाण्यात पसरणारा ताप) भीती असते. गमबूट सगळ्यांना, आणि जायच्या आधी आपल्या डॉक्टरला एकदा विचारून घ्या.

परत आल्यावर ताडपत्र्या कडक वाळवल्याशिवाय घडी घालू नका, आमच्या दोन कुजल्या. आणि गोडाऊनच्या किल्ल्या तीन जणांकडं ठेवा. आमची एकच होती, आणि ज्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला त्या दिवशी किल्लीवाला गोव्याहून येताना चोर्ला घाटात अडकलेला, शेवटी कुलूप फोडलं, त्याचे दीडशे रुपये अजून मला यायचेत.