इराणी पिक्चर बघताना स्कार्फ सोडा, परवानगी कोण मागतंय ते बघा

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. घरात, स्वयंपाकघरात, अगदी अंथरुणात पण बाईच्या डोक्यावर स्कार्फ कसा काय? तर इराणमधल्या १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतरच्या नियमांमुळे, म्हणजे गोष्टीत ती दोघं नवरा-बायको असली तरी थेटरात बसलेले पुरुष त्या नटीला परकेच ना, म्हणून डोकं झाकायचं आणि एकमेकांना हात पण लावायचा नाही. खऱ्या घरात कोण असं बसतं? म्हणून तो स्कार्फ सेन्सॉरचा आहे एवढं धरून पुढे चला. दिग्दर्शक कियारोस्तामी याच खोटेपणामुळे घरातले सीन टाळायचे, 'टेन' (२००२) तर अख्खा गाडीतच घडतो.

मग बघायचं काय, तर कुठली बाई कशासाठी कुणाला विचारतेय. सुरुवात फरहादींच्या 'अ सेपरेशन' (२०११) पासून करा. पहिल्याच सीनमध्ये सिमीन घटस्फोट मागतेय आणि कॅमेरा जजच्या जागी, म्हणजे जज तुम्हीच. पण मला त्याहून भारी वाटतो तो कामवाल्या रझियेचा सीन. सिमीनच्या म्हाताऱ्या सासऱ्याने कपडे ओले केलेत, घरात दुसरं कुणी नाही, आणि ही फोन लावून धर्माच्या जाणकाराला विचारते की मी बदलले तर पाप लागेल का. म्हातारा तसाच उभा. शेजारी तिची छोटी पोरगी, ती म्हणते मी बाबांना नाही सांगणार. म्हणजे त्या वयातच पोरीला कळलंय की घरात काय लपवायचं असतं! इथे पॉज करा, परत बघा.

नंतर मेश्किनीबाईंचा 'द डे आय बिकेम अ वुमन' (२०००). हव्वा आज नऊ वर्षांची झाली, म्हणजे बाई झाली, आता मित्राशी खेळणं बंद, पण जन्म दुपारी बाराचा म्हणून तोपर्यंत सूट मिळते. ती वाळूत काठी रोवते आणि सारखी सावली बघत राहते, सावली संपली की बालपण संपलं. पनाहींचा 'ऑफसाइड' (२००६) पण घ्या, तेव्हा तिथे बायकांना स्टेडियममध्ये सोडत नसत, म्हणून मॅच बघायला पोरांचे कपडे घालून स्टेडियममध्ये घुसणाऱ्या मुली, मजा येते.

आणि अडवणारा दरवेळी पुरुषच असतो असं धरून बसू नका हं. मेहरजुईंच्या 'लैला' (१९९७) मध्ये मूल होत नाही म्हणून दुसरं लग्न लावायला सासूच मागे लागते, नवऱ्याला नकोच असतं, आणि लैला स्वतः त्याच्यासोबत मुली बघायला गाडीत बसून जाते. हा शेवटी ठेवा आणि रात्री एकट्याने बघू नका, माझ्या डोळ्यासमोरून दोन दिवस ती सासू हलत नव्हती.