हर्ट, इंजरी, वूंड, डॅमेज: या चुका टाळा

मराठीत 'लागलं' म्हटलं की भागतं. उंबऱ्याला ठेच बसली तरी लागलं, आणि जाऊबाई चारचौघांत टाकून बोलल्या ते मनाला लागलं. इंग्रजीत मात्र एकाच शब्दावर सगळीकडे निभावून न्यायला गेलं की घोटाळा होतो. मिरजेत डॉक्टरांना सांगताना, विम्याच्या क्लेम फॉर्मवर, कंपनीत साहेबांना पाठवलेल्या रजेच्या मेलमध्ये फिरून फिरून त्याच चुका भेटतात. सांगलीत इंग्रजीचे वर्ग घेताना ज्यांवर माझा लाल पेन सर्वांत जास्त झिजतो, त्या या.

पहिला मान 'माय लेग इज पेनिंग'चा. आपल्याकडे हे सगळ्यांना कळतं, म्हणून ते बरोबरच आहे असं वाटतं. पण परदेशी क्लायंटशी बोलायचं असेल किंवा परदेशी जाण्यासाठीच्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसायचं असेल तर ही सवय मोडा. पाय 'पेन' होत नाही, 'हर्ट' होतो: 'माय लेग हर्ट्स' किंवा 'माय लेग इज हर्टिंग'. 'पेन' वापरायचाच तर नाम म्हणून, 'आय हॅव अ पेन इन माय लेग'. क्रियापद म्हणून तो आता मुख्यतः मनाच्या दुखण्यासाठी उरलाय. 'इट पेन्स मी टू सी धिस' म्हणजे हे बघून जिवाला यातना होतात. डोकं, दात, पाठ यांना हेडेक, टूथेक, बॅकेक असे तयार शब्द आहेत. त्याच चालीवर 'लेगेक' मात्र बनवू नका.

छातीच्या बाबतीत तर अजिबात गंमत नको. 'माय हार्ट इज पेनिंग' नाही, सरळ 'आय हॅव चेस्ट पेन' म्हणा. 'हार्टेक' म्हणजे मनाचं दुःख, त्याचा ईसीजी निघत नाही. 'हार्टबर्न'चा अर्थ मत्सराने जळणं असा कुणी सांगितला तर ऐकू नका. पित्तामुळे छातीत होणारी जळजळ ती. आणि वडिलांना अटॅक आला हे 'माय फादर वॉज अटॅक्ड' असं लिहिलंत, तर वाचणारा हल्लेखोर कोण ते विचारेल. 'माय फादर हॅड अ हार्ट अटॅक', एवढंच.

'इंजर्ड' की 'वूंडेड' हे साताऱ्याकडच्या मुलांना चटकन समजतं, कारण अपशिंगे मिलिटरीसारखी पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात माणसं पाठवणारी गावं तिथे आहेत. सीमेवर गोळी लागलेला जवान 'वूंडेड'. तोच जवान रजेवर घरी आला आणि खंबाटकी घाटात मोटरसायकलवरून पडला, तर 'इंजर्ड'. शस्त्र, हल्ला, लढाई असेल तिथे 'वूंडेड'; अपघात, खेळ, यंत्र असेल तिथे 'इंजर्ड'. नाम म्हणून 'वूंड' कुठल्याही उघड्या जखमेला चालतो, ऊसतोडीत कोयता लागून पडलेल्या चिरेलाही. उच्चार मात्र 'वूंड'च करा. 'वाउंड' म्हणजे गुंडाळलं, घड्याळाला चावी दिली. स्पेलिंग सारखं असलं तरी जखमेशी त्याचा संबंध नाही.

'डॅमेज' वस्तूचं होतं. 'द रायडर वॉज डॅमेज्ड' हे वाक्य क्लेमच्या कागदावर मी डोळ्यांनी पाहिलंय. 'द बाइक वॉज डॅमेज्ड अँड द रायडर वॉज इंजर्ड' असं हवं. अवयवांना हा शब्द चालतो, लिव्हर डॅमेज, नर्व्ह डॅमेज वगैरे. 'डॅमेजेस' असं अनेकवचन केलंत की कोर्टात मागायची नुकसानभरपाई होते.

'फ्रॅक्चर नाही, नुसतं क्रॅक आहे' हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हटलेलं असतं. क्रॅक म्हणजे फ्रॅक्चरच, फार तर 'हेअरलाइन फ्रॅक्चर'. सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे स्प्रेन आणि स्ट्रेन यांची सरमिसळ करतात: सांध्यात हाडाला हाड जोडणारं लिगामेंट ताणलं तर स्प्रेन, स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारा कंडरा ताणला तर स्ट्रेन. मुका मार म्हणजे 'ब्रूज', डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर 'कॉन्ट्यूजन'. खरचटलं असेल तर तिथे 'ॲब्रेजन' दिसेल, कातडी फाटली असेल तर 'लॅसरेशन'. मोठा शब्द पाहून घाबरू नका.

कायद्यात शिरलं की मात्र आपण एवढा वेळ शिकलेलं उलटंपालटं होतं. बोलण्यातला 'हर्ट' शरीराचाही आणि मनाचाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 114 मधला 'हर्ट' फक्त शारीरिक वेदना, रोग किंवा अशक्तपणा यांच्यापुरता. उलट 'इंजरी' आपण शरीरापुरती समजतो, पण कायद्याच्या व्याख्येत शरीर, मन, लौकिक आणि मालमत्ता यांपैकी कशालाही बेकायदा पोचवलेली हानी येते. कलम 116 मधला 'ग्रीव्हस हर्ट' म्हणजे जबर दुखापत. हाड किंवा दात मोडला वा निखळला तर ती जबर. 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तरीही जबर. जुन्या दंडसंहितेत हीच मुदत 20 दिवसांची होती. म्हणून भावकीतल्या मारामारीची इंग्रजी तक्रार लिहिताना भरीला 'ग्रीव्हस' घालायचा मोह आवरा. काय लागलं, कुठे लागलं, कशाने लागलं तेवढं लिहा. जबर की साधी हे मेडिकल सर्टिफिकेटवरून ठरू दे.

राहिलं मन. 'हर्टेड' असा शब्दच नाही. काल, आज, उद्या सगळीकडे 'हर्ट'. भावना दुखावल्या म्हणताना 'फीलिंग' नाही, 'फीलिंग्ज' हवं: 'यू हर्ट माय फीलिंग्ज'. 'ऑफेंडेड' मध्ये अपमान वाटून आलेला राग असतो, 'हर्ट' मध्ये आपल्या माणसाने दिलेलं दुःख. गावच्या मीटिंगमध्ये कुणी उद्धट बोललं तर पहिला, सख्खा भाऊ लग्नाला आला नाही तर दुसरा. आणि माफीचा मेसेज पाठवायची वेळ आली तर 'आय ॲम सॉरी इफ यू आर हर्ट' लिहू नका. त्यातला 'इफ' म्हणतो की तुलाच लागलं असेल तर बघ बाबा. 'आय ॲम सॉरी आय हर्ट यू' लिहा आणि पुढे कारणं देऊ नका.