क्लास न लावता फ्रंटएंड शिकायचंय? आधी चादर विणून बघा

सोलापुरात राहून, क्लासची फी न भरता फ्रंटएंड, म्हणजे वेबसाईटचा डोळ्यांना दिसणारा भाग, बनवायला शिकता येतं का असं बरेच जण विचारतात. येतं की. मी तसाच शिकलो, त्यातलं जे खरंच कामाला आलं तेवढंच सांगतो.

जुना लॅपटॉप चालतो, कोड लिहायला व्हीएस कोड आणि बघायला क्रोम ब्राउझर टाका. वाचायला एमडीएन, सरावाला फ्रीकोडकॅम्प या वेबसाईट, सगळं फुकट. व्हिडिओ बघा, पण बघून झाला की टॅब बंद करून तेच न बघता टाईप करा आणि अडलं तरच परत उघडा, नाहीतर महिनेच्या महिने नुसतं बघण्यात जातात आणि कोरी फाईल समोर आली की पहिली ओळ सुचत नाही.

पहिला प्रोजेक्ट म्हणून सगळे टू-डू लिस्ट (कामांची यादी) करतात, तुम्ही चादर करा. घरातली चौकड्याची सोलापुरी चादर पलंगावर पसरा आणि ती सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रंग-रूप ठरवणाऱ्या भाषेत, उतरवा. रिपीटिंग लिनियर ग्रेडियंट या सीएसएसच्या सूचनेने पट्टे येतात, ९० अंशाला उभे आणि ० अंशाला आडवे, दोन्ही एकावर एक टाकले की चौकडा तयार, फक्त वरच्या पट्ट्याचा रंग थोडा पारदर्शक ठेवा नाहीतर खालचे पट्टे झाकले जातात. एक रंग जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू केला, म्हणजे दोघांना २० पिक्सेल हा एकच आकडा दिला, तर कड धारदार येते, आकड्यांत अंतर ठेवलं तर रंग एकमेकांत मिसळतात. मधल्या फुलासाठी डिस्प्ले ग्रिड वापरा, म्हणजे जागेचे आडवे-उभे चौकोन पाडायची सोय. जेकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाईन ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात ना, अगदी तसंच. ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे, बिनधास्त वापरा. माझं फूल जमायला चार रात्री गेल्या पण ग्रिड कायमचं डोक्यात बसलं.

जावास्क्रिप्टसाठी, म्हणजे पानाला हिशोब करायला लावणाऱ्या भाषेसाठी, ओळखीच्या दुकानाचं बिल करा. मी मामांच्या टॉवेलच्या दुकानासाठी केलं, टॉवेल २५० रुपये, पॅकिंग ३०, आणि बेरीज आली २५०३०! मामा म्हणाले, "अरे, पंचवीस हजार कुठनं आले?" झालं असं की इनपुटमधून, म्हणजे पानावरच्या लिहायच्या चौकटीतून, येणारी किंमत ही आकडा नसते, मजकूर असतो, आणि मजकुराला अधिक केलं की तो नुसता शेजारी चिकटतो. आधी नंबरमध्ये बदलून घ्यायचं. अशी चूक झाली की लगेच कुणाला विचारू नका, क्रोममध्ये एफ१२ दाबा, कन्सोल (चुका आणि किमती दाखवणारी खिडकी) उघडा, प्रत्येक पायरीला किंमत छापून बघा. मी जे काही शिकलो त्यातलं निम्मं त्या कन्सोलमध्येच शिकलो.

मराठी पान असेल तर यूटीएफ-८ चा मेटा टॅग (मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून पानाच्या सुरुवातीला लिहायची ओळ) विसरू नका, आणि लाईन-हाईट, म्हणजे ओळीची उंची, १.६ च्या आसपास ठेवा, आपल्या मात्रा-उकारांना जागा लागते. पान मोबाईलच्या रुंदीला बसवणारा व्ह्यूपोर्टचा टॅग राहिला तर मोबाईलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

रिअ‍ॅक्टची (जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) घाई नको, चादर आणि बिल हे दोन प्रोजेक्ट स्वतःच्या हाताने झाले की मग घ्या.

झालेलं काम गिटहब पेजेसवर, म्हणजे पान इंटरनेटवर ठेवायच्या सोयीवर, टाका, पैसे लागत नाहीत, आणि लिंक त्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅप करा. मग दुकानात जाऊन शेजारी उभं राहा आणि काही न बोलता बघा, त्यांचं बोट कुठे अडतंय. मामांना 'बेरीज' बटण सापडतच नव्हतं, की-बोर्ड उघडला की ते खाली झाकलं जायचं. त्याच रात्री ते वर घेतलं.