सिसप्लेक्समध्ये आयपीएल अडकतोय? एक्ससीएफ सिग्नलिंगच्या या चुका टाळा

आयबीएम मेनफ्रेमवरची झेड/ओएस सिस्टिम आयपीएल (म्हणजे बूट) होताना सिसप्लेक्समधल्या, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या गटातल्या, बाकीच्या सिस्टिमशी बोलणार की नाही, बोलणार तर कुठल्या वाटेने, हे पार्मलिबच्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या लायब्ररीच्या) दोन मेंबरांत, म्हणजे फाइलींत, ठरतं: आयईएसिस आणि कपल. हे बोलणं सांभाळतो तो झेड/ओएसचा भाग म्हणजे एक्ससीएफ. दोन्ही मेंबर वर्षानुवर्षं कुणी उघडलेले नसतात. प्लेक्स (म्हणजे सिसप्लेक्स) चालू असतो तोवर त्यातल्या चुका दिसत नाहीत. हार्डवेअर बदललं, नवा एलपार (मशीनचा स्वतंत्र सिस्टिम चालवणारा भाग) आला किंवा डीआर ड्रिल (आपत्तीतून सावरण्याची तालीम) निघाली की त्या एकदम वर येतात, आणि तेव्हा हाताशी वेळ नसतो.

‘एनी’वर सोडून देणं

आयईएसिसमध्ये प्लेक्ससीएफजी (प्लेक्सचा प्रकार सांगणारं पॅरामीटर) लिहिलंच नसेल तर डिफॉल्ट ‘एनी’ लागतं. मग एकटं राहायचं, मोनोप्लेक्स (एकाच सिस्टिमचा प्लेक्स) व्हायचं की मल्टिसिस्टिम प्लेक्समध्ये शिरायचं, हे कपल मेंबरात काय लिहिलंय आणि कपल डेटासेट (प्लेक्सची माहिती ठेवणारी शेअर्ड डिस्कवरची फाइल) कसा फॉरमॅट केलाय त्यावरून ठरतं. प्रॉडक्शनला याने सहसा काही होत नाही. धोका असतो तो सँडबॉक्सचा. प्रॉडक्शनचे व्हॉल्यूम कॉपी करून टेस्ट एलपार उभा केला, नाव बदललं, कपल मेंबर मात्र तसाच राहिला. आणि त्या एलपारला प्रॉडक्शनची डिस्क नि कपलिंग फॅसिलिटी (सीएफ, सगळ्या सिस्टिमना सामायिक मेमरी पुरवणारी यंत्रणा) दोन्ही दिसत असतील, तर तो सरळ प्रॉडक्शन प्लेक्समध्ये जाऊन बसू शकतो.

म्हणून हे स्पष्ट लिहा. टेस्टला ‘एक्ससीएफलोकल’ किंवा ‘मोनोप्लेक्स’, प्रॉडक्शनला ‘मल्टिसिस्टिम’. मोनोप्लेक्स लिहिलेली सिस्टिम दुसऱ्याच्या चालू प्लेक्समध्ये शिरत नाही. आपल्याला तेवढंच हवं असतं. प्लेक्सचं नाव कपल मेंबरात हाताने टाइप करण्याऐवजी सिस्टिम सिंबल (आयपीएलच्या वेळी खरं नाव भरलं जाणारं चिन्ह) वापरा, म्हणजे ते लोड मेंबरातून येईल. पण लोड मेंबर कॉलम मोजून वाचला जातो. तिथे नाव एक घर सरकलं तरी घोळ होतो.

सीटीसीची दिशा

सर्वात जास्त वेळ जातो तो इथे. आयबीएमने १९९० साली सिसप्लेक्स आणला तेव्हा कपलिंग फॅसिलिटी नव्हती. ती १९९४ मध्ये पॅरलल सिसप्लेक्सबरोबर आली. तोवर सगळं सीटीसीवर (दोन सिस्टिमना थेट जोडणाऱ्या चॅनेल-टू-चॅनेल जोडणीवर) चालायचं, आणि जुन्या साइटच्या कपल मेंबरात त्या काळातल्या पाथइन-पाथआउटच्या (येणाऱ्या आणि जाणाऱ्या वाटांच्या) रांगा अजून दिसतात.

एक सीटीसी डिव्हाइस एक्ससीएफ एकाच दिशेने वापरतो. म्हणजे ‘अ’चा पाथआउट ‘ब’च्या पाथइनला जुळायला हवा आणि उलट दिशेसाठी वेगळी जोडी हवी. शिवाय प्रत्येक सिस्टिमचा प्रत्येक सिस्टिमशी थेट संपर्क लागतो. ‘अ’कडून ‘ब’मार्गे ‘क’ला निरोप पोचवणं इथे चालत नाही. ३ सिस्टिमना किमान ६ वाटा, ८ सिस्टिमना ५६, आणि सिसप्लेक्सची ३२ सिस्टिमची कमाल मर्यादा गाठली तर ९९२. हा हिशेब एकेका वाटेचा. राखीव वाट धरली की दुप्पट. एक जरी जोडी सुटली तरी नवी सिस्टिम आत येत नाही. सिग्नलिंग कनेक्टिव्हिटी मिळत नसल्याचा मेसेज येतो आणि पाठोपाठ आयएक्ससी२०७ए हा प्रॉम्प्ट कुठला कपल मेंबर वापरायचा ते पुन्हा विचारतो.

त्याला तेच ‘कपल=००’ पुन्हा देणं ही नेहमीची घाई. तीच फाइल पुन्हा वाचून वेगळं काय होणार? आधी चालू असलेल्या सिस्टिमवर ‘डिस्प्ले एक्ससीएफ’ने पाथइन आणि पाथआउट बघा. स्टेटस ‘वर्किंग’ असेल तर ती वाट ठीक. ‘लिंकिंग’वर अडकली असेल तर आपलं टोक तयार आहे, पलीकडचं उत्तर देत नाही. अशा वेळी बहुतेकदा दोन्ही टोकांना पाथआउट लिहिलेलं असतं, किंवा पलीकडचा डिव्हाइस ऑफलाइन असतो. चालू सिस्टिमवरची चूक ‘सेटएक्ससीएफ स्टार्ट’ने जागेवर दुरुस्त होते, त्यासाठी तिचा आयपीएल लागत नाही. येणाऱ्या सिस्टिमसाठी मात्र दुसरा कपल मेंबर आधीच पार्मलिबमध्ये तयार असावा लागतो, म्हणजे आयएक्ससी२०७एला त्याचा सफिक्स (नावाच्या शेवटची दोन अक्षरं) देता येतो. मी तरी त्यात फक्त सीटीसीच्या वाटा ठेवायला सांगतो.

डिव्हाइस नंबरांनाही शिस्त हवी. वाचायला ४००० ची मालिका, लिहायला ५००० ची, असं काहीतरी सगळ्या एलपारांना एकसारखं ठरवलं की रात्री २ वाजताही चूक नजरेने पकडता येते.

स्ट्रक्चर आहे, पण एकच

कपलिंग फॅसिलिटीतलं सिग्नलिंग स्ट्रक्चर (निरोपांसाठी राखलेली जागा) आलं की वरची बरीच कटकट संपते. नाव ‘आयएक्ससी’ने सुरू होणारं हवं, आणि तेच नाव पाथइन आणि पाथआउट दोन्हींत हवं. पाथआउटमध्येच लिहून विसरलात तर ती सिस्टिम बोलेल, ऐकणार नाही.

स्ट्रक्चर किमान दोन ठेवा, दोन वेगळ्या सीएफमध्ये. सीएफआरएम पॉलिसीत (कुठलं स्ट्रक्चर कुठल्या सीएफमध्ये ठेवायचं हे सांगणाऱ्या नियमांत) एकमेकांना एक्सक्लूजन लिस्टमध्ये टाका, नाहीतर रिबिल्डनंतर (स्ट्रक्चर पुन्हा उभारल्यावर) दोन्ही एकाच सीएफमध्ये येऊन बसतील. नव्या सिस्टिम घेताना साइझही पुन्हा काढा, कारण सिस्टिमच्या जोड्या वाढतात तशी स्ट्रक्चरची गरजही वाढते.

पूर्ण पॉवर-ऑन रीसेटनंतर सीएफचे एलपार आधी उठवा, झेड/ओएस मागून. अगदी नव्या प्लेक्समध्ये तर सीएफआरएम पॉलिसीच सुरू नसते, त्यामुळे पहिली सिस्टिम उठते आणि दुसरी बाहेर ताटकळते. कपल मेंबरात सीएफआरएमपॉलने पॉलिसीचं नाव दिलं की हा प्रश्न येत नाही.

आयएक्ससी४०५डीला घाईने ‘आय’

आयपीएलच्या वेळी येणारा हा प्रॉम्प्ट तीनपैकी एक अक्षर मागतो: ‘आय’ म्हणजे प्लेक्स नव्याने सुरू कर, ‘जे’ म्हणजे चालू प्लेक्सला जोड, ‘आर’ म्हणजे एक्ससीएफ पुन्हा सुरू कर. त्याच्या आधीच्या आयएक्ससी४०४आयमध्ये चालू किंवा आयपीएल होत असलेल्या सिस्टिमची यादी येते, आणि नेमकी तीच वाचली जात नाही. अमेरिकेतल्या ग्राहकाच्या शनिवार रात्रीच्या चेंजला पुण्यात रविवारची सकाळ झालेली असते आणि रनबुकात (कामाच्या पायऱ्यांच्या वहीत) ‘रिप्लाय आय’ एवढंच लिहिलेलं असतं. ते वाक्य सगळा प्लेक्स बंद करून उठवण्यासाठी लिहिलेलं असतं. यादीतली एखादी सिस्टिम खरोखर चालू असताना ‘आय’ दिलंत तर तिच्या हातातून प्लेक्स जातो आणि ती ०ए२ वेट स्टेटमध्ये (पूर्ण थांबलेल्या अवस्थेत) जाऊन पडते.

यादीतली प्रत्येक सिस्टिम एचएमसीवर (मशीनच्या नियंत्रण कन्सोलवर) जाऊन डोळ्यांनी बघा. बंद असेल तर सिस्टिम रीसेट करा, मगच ‘आय’. चालू असेल तर ‘जे’. काहीच कळत नसेल तर उत्तर देऊ नका. प्रॉम्प्ट थांबून राहील, त्याला घाई नाही. आयएक्ससी४०२डीला (सिस्टिम प्रतिसाद देत नसल्याच्या प्रॉम्प्टला) ‘डाउन’ देतानाही हाच नियम: रीसेट आधी, उत्तर नंतर. रीसेट न केलेली सिस्टिम शेअर्ड डिस्कवर लिहीत राहिली तर डेटाची वाट लागते.

जीआरएस आणि घड्याळ

एक्ससीएफ पार झाला म्हणजे सुटलात असं नाही. आयईएसिसमधलं जीआरएस (सामायिक रिसोर्सची कुलपं सांभाळणारा भाग) सगळ्या सिस्टिमवर एकाच पद्धतीचं हवं. अर्धे रिंग (कुलपांचा निरोप सिस्टिम ते सिस्टिम फिरतो), अर्धे स्टार (कुलपं सीएफमध्ये असतात) हे जमत नाही. स्टारसाठी आयएसजीलॉक स्ट्रक्चर लागतं आणि कपल डेटासेटमध्ये जीआरएसची नोंदही लागते. रिंगवरून स्टारवर चालू प्लेक्समध्ये जाता येतं. परतायचं तर सगळ्या सिस्टिम खाली घ्याव्या लागतात. आरएनएल याद्या (कुठली कुलपं प्लेक्सभर लागू ते सांगणाऱ्या) जुळल्या नाहीत की ०ए३ वेट स्टेट. आणि सिस्टिम वेगवेगळ्या मशीनवर असतील तर क्लॉक मेंबरात एसटीपी (मशीनांची घड्याळं जुळवणारी पद्धत) मोड चालू आहे ना, हे आयपीएलच्या आधीच तपासा.