आज तिथी कुठली? फँटसी गेम चालवताना वेळेच्या या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेत आमच्या गच्चीलगतच्या खोलीत दर रविवारी पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जमतात: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलून गोष्ट पुढे न्यायची. डीएमची, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्या डंजन मास्टरची, खुर्ची माझ्याकडे. एका रविवारी मी खेळातल्या गावात लांडगा-माणूस, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस, सोडला होता. पौर्णिमेची रात्र, दारं बंद, सगळे चांगलेच टरकलेले. तेवढ्यात धनुर्धारी खेळणारीनं वहीची पानं मागे उलटली आणि विचारलं, "अरे, पौर्णिमा मागच्या सेशनलाच झाली ना? मधे आपण फक्त नऊ दिवस चाललोय." मी ठोकून दिलं की या जगात दोन चंद्र आहेत. कुणी विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा? लांडगा-माणूस त्या क्षणी मेला, बाण लागायच्या आधीच.

तेव्हापासून मी वेळेचा हिशेब ठेवतो. तो ठेवताना आणखी चुका केल्या, त्या इथे मांडतो. आधी मूळ प्रश्न: खेळात कॅलेंडर लागतं का? एका दुपारचा सुटा खेळ असेल तर अजिबात नाही, हा लेखही सोडून द्या. महिनोन्‌महिने चालणारं कॅम्पेन असेल तर लागतं, पण तारखेला काहीतरी अडकलेलं असेल तरच. आईचं स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघा. छापलेल्यातलं ती एकादशी-चतुर्थी तेवढं बघते. बाकी सगळं पेननं लिहिलेलं: ३ तारखेला "सिलिंडर लावला", ११ ला "दूध अर्धा जास्त", १७-१८ ला कामवाल्या बाईंचे खाडे, २५ ला कुणाचं तरी लग्न. तो कागद घरात चालतो तो या अक्षरांमुळे. खेळातल्या कॅलेंडरवर हाताची अक्षरं नसतील तर ते भिंतीवरचं चित्र आहे.

आधी पंचांग, मग खेळ

माझी पहिली चूक हीच. तेरा महिने, नऊ दिवसांचा आठवडा, प्रत्येक वाराला देवाचं नाव, सगळं रंगीत प्रिंट काढून आणलं. पहिल्याच सेशनला पुरोहित खेळणाऱ्यानं विचारलं, "म्हणजे मंगळवार ना?" पुढे वर्षभर सगळे मंगळवारच म्हणत राहिले.

लोकांना तोंडी हिशेब जमला पाहिजे. गाजलेल्या जगांनी हे ओळखलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच फरगॉटन रेल्म्स या जगात ३० दिवसांचे १२ महिने आणि महिन्यांच्या मधे घातलेले सणाचे ५ दिवस, झाले ३६५. आठवड्याऐवजी दहा-दहा दिवस, म्हणजे महिन्याचे सरळ तीन तुकडे. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाच्या जगात तर वर्ष काढायला आपल्या सनात २७०० मिळवायचे. २०२५ ला तिथे ४७२५. डंजन्स अँड ड्रॅगन्सचं ग्रेहॉक हे जग मला सगळ्यात आवडतं. तिथे २८ दिवसांचे १२ महिने आणि सात-सात दिवसांचे ४ सणसप्ताह, एकूण ३६४. चंद्र दोन, एक २८ दिवसांचा, दुसरा ९१ दिवसांचा. आता २८ गुणिले १३ म्हणजे ३६४, आणि ९१ गुणिले ४ म्हणजेही ३६४. त्यामुळे दोन्ही चंद्रांच्या पौर्णिमा दरवर्षी त्याच त्या तारखांना येतात. एकदा कोष्टक केलं की जन्मभर पुरतं. मला हे वेळेवर माहीत असतं तर तो लांडगा-माणूस वाचला असता.

तुमचं जग घरचं असेल तर आपलेच महिने ठेवा, नावं हवी तर बदला. सगळे महिने २८ दिवसांचे करा आणि पौर्णिमा १४ ला बांधून टाका. पहिल्या दिवशी खेळाडूंना फक्त तीन तारखा सांगा: आजची, जवळच्या सणाची, आणि कुणाचं तरी देणं फेडायची.

डीएमनं सगळं डोक्यात ठेवणं

डीएमच्या डोक्यात आधीच पंचवीस पात्रांचे आवाज, चार कट आणि कुणाचे किती हिट पॉइंट, म्हणजे किती जीव, उरले ते असतं. तारीख तिथे टिकत नाही. ती खेळाडूला द्या. आमच्याकडे त्या माणसाला कुलकर्णी म्हणतात. त्यानं चौकटीच्या वहीत एका ओळीत एक दिवस लिहायचा: कुठे होतो, कुठे झोपलो, काय देणं राहिलं. माझ्या लांडगा-माणसाला मारणारीच आता कुलकर्णी आहे. सोपं आहे, ज्याच्या हातात वही असते त्याला वेळ महत्त्वाची वाटायला लागते.

मिनिट मोजायचं तिथे दिवस, दिवस मोजायचा तिथे मिनिट

वही आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. शहरात फिरतानाही दहा-दहा मिनिटं मोजू लागलो. न्हाव्याकडे किती वेळ लागला, हे विचारल्यावर आमच्यातला एक जण उठून पोहे आणायला गेला तो तासाभरानं आला.

मोजपट्टी जागेप्रमाणे बदलायची असते. भुयारात दहा मिनिटांचा घास घ्या. मशाल तासभर जळते, म्हणजे कागदावर सहा चौकटी. एकेक खोडत जा. शेवटची चौकट खोडताना टेबलवर जी शांतता पसरते ती कुठल्याही राक्षसानं येत नाही. शहरात सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढं पुरे. रस्त्यावर दिवस. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत साध्या चालीनं दिवसाला २४ मैल, साधारण ३९ किलोमीटर. मी खेळाडूंना सांगतो, इंदूरहून सकाळी निघालात तर देवासला मुक्काम, उज्जैनला पोचायला दीड दिवस. आकडा विसरतात, देवास विसरत नाहीत.

लढाईचं वेगळंच. एक राउंड, म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी, ६ सेकंदांचा. चार राउंडांची लढाई टेबलवर दीड तास खाते आणि खेळात २४ सेकंद. ती संपल्यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "आता अंधार पडला असेल, झोपूया." नाही पडला. चहासुद्धा उतू गेला नसेल.

लढले, झोपले, लढले, झोपले

याच झोपण्यातून पुढचं दुखणं येतं. एक लढाई, सगळे मंत्र खर्च, मग आठ तास लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची झोप, परत ताजेतवाने. भुयारातले गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, बिचारे वाट बघत बसलेले. नियमातच आहे की २४ तासांत एकदाच लाँग रेस्टचा फायदा मिळतो. सकाळी नऊला लढून लगेच झोपायचं म्हटलं तर आदल्या रात्रीची झोप मोजली गेलीय. हे ठामपणे सांगितलं तरी निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा गॉब्लिन सोडवतात: आठ तासांत ते दार आतून बंद करतील, मदत बोलावतील, नाहीतर खजिना घेऊन पळतील. अगदीच ऐकत नसतील तर डीएमच्या २०१४ च्या पुस्तकात कडक पर्याय आहे, शॉर्ट रेस्ट, म्हणजे एरवीची छोटी विश्रांती, आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. आम्ही तो चार सेशन चालवला. प्रवासाला मस्त, भुयारात जाच.

जग वाट बघत थांबलेलं असतं

राजकन्येला पळवून नेलंय. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, म्हणते, आधी तलवार घडवून घेऊ, मग मामाच्या गावाला जाऊ. तीन महिन्यांनी गुहेत पोचते तर पुजारी नेमका त्याच क्षणी सुरा उचलत असतो. खेळाडूंना दुसऱ्यांदा असं दिसलं की ते कळून चुकतात, इथे उशीर होतच नाही.

उपाय साधा. खलनायकासाठी तीन ओळी लिहा: पार्टी आलीच नाही तर दहाव्या दिवशी तो काय करेल, विसाव्या दिवशी काय, तिसाव्या दिवशी काय. आणि मुदत खेळाडूंना माहीत हवी, हे महत्त्वाचं. फॅंटसी नसली तरी १९९७ ची फॉलआउट ही कॉम्प्युटर गेम इथे धडा देते. पाण्याची चिप आणायला १५० दिवस, तो आकडा समोर दिसायचा आणि प्रत्येक प्रवास टोचायचा. त्याच खेळात पुढे आणखी एक मुदत होती, ती मात्र खेळाडूंना नकोशी झाली आणि पॅचमधून काढून टाकली गेली. दिसणारी मुदत निर्णय घ्यायला लावते, लपवलेली मुदत नुसती डूख धरायला लावते.

सगळ्यांचं कॅलेंडर एकच

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इंदूरच्या मराठी माणसाला हे घरबसल्या कळतं. आमच्या शेजारच्या काकींचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, आपला श्रावण दिव्यांच्या अवसेनंतर. त्यांचे दोन सोमवार होऊन गेलेले असतात तेव्हा आईचा पहिला येतो. राखीला त्यांचा सावन संपतो, आपला पोळ्यापर्यंत चालतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एक, वद्य पक्षात नावं वेगळी. म्हणून जन्माष्टमी त्यांच्या भाद्रपदात आणि आपल्या श्रावणात, पण दिवस तोच. उज्जैनला महाकालाची सवारी श्रावणात निघते आणि भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघत राहते, तो पंधरवडा आपल्या लेखी श्रावणच. वर्षाच्या आकड्याचीही तीच गंमत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये काकींच्या पंचांगात संवत २०८२, आईच्या कालनिर्णयात शके १९४७, आणि बडोद्याला आत्याच्या गल्लीत संवत २०८१, कारण तिथलं वर्ष दिवाळीनंतर बदलतं.

हे मी जसंच्या तसं खेळात उचललं. पार्टीनं मिठाच्या व्यापाऱ्याकडून कर्ज घेतलं, "कार्तिक संपायच्या आत" फेडायचं ठरलं. व्यापारी पौर्णिमांत, पार्टी अमांत. खेळाडू निवांत येतात तर पंधरा दिवस आधीच मुदत संपलेली, घोडे जप्त, वेशीवर नावाचा पुकारा. मी काही समजावलं नाही. दहा मिनिटं नुसता आरडाओरडा, मग पुरोहित एकदम थांबला आणि म्हणाला, "अरे, हा शेजारच्या काकींचा कार्तिक आहे!" त्यावर दोन सेशन चालले. करार कुठल्या गावी लिहिला, तिथे कुणाचं पंचांग चालतं, साक्षीदार कोण. एकही फासा न टाकता.

अधिक मासही असाच खजिना आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षाहून ११ दिवसांनी कमी, म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा धरावा लागतो. २०२३ ला अधिक श्रावण आला तेव्हा काकींनी सावनाचे आठ सोमवार केले. आता तुमच्या राज्यात राजज्योतिषानं जादा महिना जाहीर केला, तर त्या महिन्याचं व्याज लागतं का? शिपायांना पगार मिळतो का? ज्योतिषाला पैसे चारून तो महिना ढकलता येतो का? मी पुढच्या उन्हाळ्यात हेच चालवणार आहे, आमच्या लोकांनी हा लेख वाचला नाही म्हणजे मिळवली.

खाणावळीत बारा महिने तोच रस्सा

ऋतू बदलला हे सांगायला डीएम बर्फाचं वर्णन करत बसतो. खेळाडू मोबाइल बघतात. इंदुरात थंडी आली हे आम्हाला सराफ्यात कळतं: गराडू (हे एक कंद) दिसले की स्वेटर बाहेर काढायचे. रात्री नऊनंतर सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया लागतात, तेलात गराडूचे तुकडे, वरून मसाला आणि लिंबू. मार्चमध्ये त्याच कढईपाशी गेलात तर नसतात. तुमच्या खाणावळीलाही एक पदार्थ असा द्या जो फक्त दोन महिने मिळतो. आमच्या खेळात भाजलेलं कंद मिळेनासं झालं त्या दिवशी कुलकर्णीण स्वतःहून म्हणाली, "म्हणजे घाट उघडला असेल, निघूया."

दीड महिन्यात देवाचा वध

वही तपासली तेव्हा कळलं, आमची पार्टी पहिल्या लेव्हलपासून नवव्या लेव्हलपर्यंत ४१ दिवसांत पोचली होती. सोळा वर्षांची पोर दिवाळीला कोंबड्या राखत होती आणि संक्रांतीच्या आत ड्रॅगन मारून मोकळी. यावर पेन्ड्रॅगन या खेळाची युक्ती घ्या. तिथे साधारण वर्षाला एक साहस, आणि मग हिवाळ्याचा वेगळा टप्पा: शेती कशी झाली, घोडा जगला का, लग्न, मुलं, म्हातारपण. आम्ही प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर तीन महिने घालतो. प्रत्येकानं दोन वाक्यांत सांगायचं, काय केलं. चोरानं बेकरी काढली. ती आता त्याच्याकडून सोडवत नाही.

खऱ्या सुट्ट्या, खोटी तारीख

परीक्षा, लग्नसराई, रंगपंचमीची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक), मग कुणाला तरी ताप. दोन महिन्यांनी परत बसतो तर खेळात पात्रं दाराच्या कडीवर हात ठेवून उभी. कुणाला काही आठवत नाही. शक्यतो सेशन मुक्कामावर संपवा. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्सनं आणखी सरळ तोडगा दिला होता: खेळ बंद असताना बाहेरचा एक दिवस म्हणजे आतला एक दिवस. वेळेची काटेकोर नोंद नसेल तर अर्थपूर्ण कॅम्पेन होत नाही, असंही त्यानं तिथे मोठ्या अक्षरांत बजावलं. त्याच्या एकाच जगात खूप लोक वेगवेगळ्या गटांनी खेळायचे, कुठलं भुयार कुणी आधी लुटलं हे ठरवायला त्याला तारीख लागायचीच. आमच्या पाच जणांना इतका कडकपणा नको. पण रजेतल्या दिवसांचा नियम आम्ही घेतला. बेकरीवाल्याला तर तो फारच आवडतो.

तारीख तरीही चुकतेच. मग भांडू नका आणि मागचं दुरुस्त करायलाही जाऊ नका. "काल पौर्णिमा होती" असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं, वहीत आडवी रेघ मारायची आणि तिथून मोजायचं. आमच्या वहीत अशा तीन रेघा आहेत. पहिल्या रेघेशेजारी कुलकर्णीणीनं दोन छोटे गोल काढलेत, खाली लिहिलंय: "दोन चंद्र, डीएमच्या म्हणण्यानुसार."